पायाची पेन्शन, गेटवरचा पगार

आमची पलटण तेव्हा काश्मीरमध्ये ताबारेषेवर होती. मी सुभेदार, प्लाटून माझ्याकडे. रोजचा क्रम ठरलेला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारांसह मोर्चावर सज्ज राहणे, मग हत्यारांची सफाई, चहा आणि पेट्रोल, म्हणजे गस्त. बर्फ असो की धुके, पेट्रोल निघायचेच. बायकोला मी फोनवर सगळे निवांत असल्याचे सांगायचो आणि तीही पटल्यासारखे दाखवायची.

त्या सकाळी सगळ्यांत पुढे हवालदार बिरू होता. कवठे महांकाळकडचा, मेंढपाळाच्या घरचा. चढावर त्याला धाप लागलेली मी कधी पाहिली नाही. त्याच्या मागे शिपाई सुकुमार, सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. नाल्याच्या वळणावर बिरूचा पाय सुरुंगावर पडला. स्फोटापाठोपाठ समोरच्या टेकडीवरून फायर सुरू झाला.

मी कंपनीला कळवायला रेडिओ उचलला. "अल्फा, एक गंभीर जखमी. फायर येतोय. ओव्हर."

"कव्हर देतो. जखमीला मागे घ्या. ओव्हर."

मी हुकूम देण्याआधीच सुकुमार निघाला होता. त्याने बिरूला खांद्यावर घेतले आणि खडकाआड आणून ठेवले. "हवालदारसाब, पोचलो," एवढेच बोलला आणि खाली बसला. त्याच्या पाठीत गोळी होती. तो परत उठला नाही.

बिरूचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मेडिकल बोर्डाने त्याला घरी पाठवले, अपंगत्वाची पेन्शन सुरू झाली. पुढे मीही निवृत्त होऊन साताऱ्यात आलो.

गेल्या वर्षी एका दुपारी बिरू माझ्या दारात हजर. कडक इस्त्री, छातीवर मेडल, कृत्रिम पायावर सावधान. मला वाटले, घरात लग्न निघाले असेल.

"साहेब, रिपोर्ट हाय. इस्लामपूरकडं साखर कारखान्याच्या गेटवर नोकरी मिळतीय. माझी पेन्शन बंद करा."

"मी बंद करू? मी काय संरक्षणमंत्री लागून गेलोय?"

"मग कुणाला सांगायचं त्ये सांगा. शेजारच्या म्हातारीचं पोरगं पगाराला लागलं आन् तिचं निराधारचं अनुदान थांबलं. गावात म्हणत्यात, पगार भावाच्या नावावर घे. आवं, पलटणीत राहून आलोय. चोरून न्हाई खाणार."

नोकरी कंत्राटी होती. उद्या ती सुटली आणि पेन्शनही गेलेली असली, तर दोन शिकत्या मुलींचे काय? बायको नोकरी नको म्हणत होती. पण घरात बसून बसून बिरू आतून खचत चालला होता. माणसे पेन्शन वाढवायला खेटे घालतात, हा गडी ती बंद करायला आला होता. मला त्याचा राग आला आणि अभिमानही तितकाच वाटला.

मी त्याला सांगलीच्या सैनिक कार्यालयात नेले. तिथला कारकून स्वतः माजी नाईक. सगळे ऐकून तो हसला.

"हवालदारसाहेब, निराधारला उत्पन्नाची अट असतीया. तुमची पेन्शन पाय गेल्याची हाय. खाजगी पगार मिळाला म्हणून पाय उगवतोय व्हय? पगार स्वतःच्या नावावर घ्या. पेन्शनला धक्का न्हाई."

बाहेर आल्यावर बिरू पायरीवर थांबला.

"साहेब, सुकुमारनं उचललं म्हणून पेन्शन आन् पगार ह्ये दोनी घ्यायला मी जिता हाय."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गळीत हंगाम सुरू झाल्यावर मी त्याला भेटायला कारखान्यावर गेलो. गेटच्या आत सकाळच्या शिफ्टचे गार्ड ओळीत उभे होते आणि बिरू हजेरी घेत होता. शेवटचे नाव झाले. तो क्षणभर थांबला.

"शिपाई सुकुमार!"

"हजर!" सगळी ओळ एका आवाजात बोलली.

शेवटच्या गार्डला मी नंतर माहीत नसल्यासारखे विचारले, हा सुकुमार कोण?

"आमी कवा बघितला न्हाई, काका. पर त्येचं नाव घेतल्याबिगर हवालदारसाहेब ड्यूटी सुरू करत न्हाईत."

रात्री तिथेच मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्या ओळीत जाऊन उभा राहिलो. नाव पुकारले गेले. मीही हजर म्हणालो.