चाळीस लढाया

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. ऐकून तुम्हाला हसू येईल — खेळातल्या एका ढालीवरून एवढं काय? पण माझ्या मनात ते सलतंय.

मानवतला दर रविवारी दुपारी आम्ही पाच जणी कागद-फाशांचा खेळ खेळतो. प्रत्येकीनं एक पात्र घ्यायचं, कुणी जादूगारीण, कुणी तलवारवाली, आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. राक्षस, दऱ्या, लढाया हे सगळं चालवणारी मी. सहा वर्षं मीच. स्वतःचं पात्र मला कधी मिळालंच नाही — आणि खरं सांगू? त्याचा मला ताठाही होता.

वैशाली माझी शाळेपासूनची मैत्रीण, औषधाच्या दुकानात कामाला. तिनं एक नवीनच पात्र बनवलं, ढालकरीण. शस्त्र नाही, फक्त ढाल. सोबतिणीवर आलेला वार ती स्वतःवर घेते. चार महिने तिनं वहीत नियम लिहिले, खोडले, आणि वही माझ्या हातात दिली. असं पात्र फार दणकट झालं तर बाकीच्यांना काम उरत नाही; कच्चं राहिलं तर तेच आधी मरतं. म्हणून घरी फासे टाकून लुटुपुटूच्या चाळीस लढाया करून बघायच्या होत्या. “तूच बघ गं. तू म्हणशील तसं करू,” ती म्हणाली.

त्याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून ती परभणीला गेली. संध्याकाळी कुणाच्या तरी स्टेटसवर तिचा फोटो दिसला — दुसऱ्याच गटाच्या टेबलावर. समोर ढालकरणीचा कागद. हसत होती.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. खेळ शिकवला मी, आणि मलाच डावलून तिकडे? वर दाताचं खोटं? सरळ विचारायचं होतं ना मी! नाही विचारलं. तिनं काही चांगलं कारण सांगितलं असतं तर मला रागावता आलं नसतं — ही भीती होती का?

मी एकही लढाई केली नाही. चहा पीत पीत, एका बैठकीत चाळीस निकाल मनानेच लिहून काढले. ढालकरीण अडतीस वेळा जिंकली. “लय भारी पडायलीय गं,” मी तिला म्हणाले, “बाकीच्यांनी नुसतं बसायचं का?” तिनं माझ्यादेखत नियम कापले. वार अडवायचा तो एका लढाईत एकदाच, आणि ढाल तडकली की संपलं. असं पात्र टिकत नाही, हे मला फासे न टाकताही कळत होतं.

पुढच्या महिन्यात, माझ्या वाढदिवसाला, ती मला परभणीला घेऊन गेली. तेच टेबल. एक खुर्ची रिकामी. “तू कायम चालवायलीस, तुला कधी खेळायलाच भेटत न्हाई. म्हणून ह्यांना विचारून ठेवलं होतं. ढालकरीण तुझ्यासाठीच केलीय.”

मी खेळले. पहिल्याच लढाईत, तिसऱ्या वाराला माझी ढालकरीण पडली. टेबलाभोवतीचे सगळे ओशाळून फासे गोळा करू लागले. वैशालीनं त्यानंतर नवीन काही बनवलेलं नाही. त्या दिवशी एसटीत वही मांडीवर घेऊन ती म्हणाली, “माझंच गणित चुकलं वाटतं. तू तर बिचारी चाळीस लढाया करून बसलीस.”

“हो,” मी म्हणाले, “जरा चुकलंच तुझं.”