तलावाच्या पाळीवरचे नाव

फाळणीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात नागपूरकडच्या गोरेगावजवळच्या आमच्या गावात एक सिंधी कुटुंब राहायला आले. नवरा, बायको आणि म्हातारी आई. कराचीहून निघालेले त्यांचे गलबत वादळात फुटले होते. एका मालवाहू जहाजाने त्यांना पाण्यातून उचलून मुंबईला उतरवले आणि तिथल्या छावणीतून ते इकडे निघून आले. निर्वासितांच्या आगबोटीने न आल्यामुळे बंदरावरच्या यादीत त्यांची नावे नव्हती. अशा माणसांना कोणी ठेवून घ्यायचे, यावर मुंबई आणि आमचा अशा दोन प्रांतांच्या कचेऱ्यांत कागद फिरत होते. मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. हा वाद मी दोनदा छापून आणला होता.

मग निरोप आला की अधिकारी चौकशीला येणार आणि या तिघांना मुंबईच्या छावणीत परत पाठवणार.

आमच्याकडे पावसाआधी तलावाची पाळ मातीने भरून काढतात. घरटी एक माणूस जातो आणि पाटील वहीत नावे लिहितो. त्या वर्षी सिंधी न बोलावता आला. मातीची टोपली त्याने खांद्यावर घेतली आणि निम्मी माती पाठीवर सांडली.

एक म्हातारी म्हणाली, “खांद्यावर लेकरू नेतेत बावा. माती डोक्शावर.” मग तिने आपल्या लुगड्याच्या चिंधीची चुंबळ करून त्याच्या डोक्यावर ठेवली. पाटलाने त्याचे नाव लिहिले.

चौथ्या दिवशी अधिकारी आले. कायम वास्तव्याचा पुरावा नाही, असे त्यांनी सांगितले. पाटलाने वही पुढे केली. ही तर मजुरीची वही, असे म्हणून अधिकाऱ्यांनी ती बाजूला सारली.

“मजुरी कोणालेच भेटत नाही, साहेब,” पाटील म्हणाला. “गावचा नसन त्याचं नाव यात लिहत नाही. माह्या जावयाचंबी नाही.”

पाळीवरची माणसे हसली. जावईही तिथेच उभा होता. अधिकाऱ्यांनी वही पुन्हा ओढून शेवटपर्यंत वाचली, त्या पानाची नक्कल करून घेतली आणि खाली पाटलाची सही मागितली. पाटलामागून सतरा जणांनी न सांगता अंगठे उठवले. ते मी मोजले, कारण बातमीत आकडा लागतो. एवढ्या अभिमानाने मी दुसरा आकडा कधी लिहिला नाही.

पावसाळा संपताना राहण्याचा हुकूम आला. पुढच्या उन्हाळ्यात सिंधी पाळीवर उशिरा पोहोचला, तेव्हा पाटलाने त्याला सगळ्यांदेखत झापले.