दारासमोरची जागा

कोळेकर साहेबांना मी पहिल्यांदा पाहिले ते नगरपालिकेच्या कचेरीत. पण खरी ओळख झाली ती एका गल्लीच्या तोंडाशी. शिराळ्याजवळच्या खेड्यातून येऊन मी बांधकाम विभागात नुकताच रुजू झालो होतो. दारासमोर गतिरोधक करा, कोपऱ्यावर ‘थांबा’ असा फलक लावा, घरापुढे गाडीसाठी जागा राखून द्या, असे रहिवाशांचे अर्ज साहेबांकडे येत. अशाच एका अर्जावर काय शेरा लिहायचा, असे मी विचारले. साहेब पायात चपला सरकवत म्हणाले, “इथं बसून काय कळणार? चला, उभं राहू जरा.”

ही त्यांची रीत. आधी अर्जदाराच्या उंबऱ्याशी उभे राहायचे, मग समोरच्या दारात, मग वळणावर. साहेब आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातले. “मेंढरं कुठून वळतात ते रानात उभं राहून बघावं लागतं, विचारून सांगत नाहीत,” असे त्यांचे आजोबा म्हणत. साहेबांनी रस्ताही तसाच पाहिला. आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत असताना निघणाऱ्या या गौरवग्रंथात अनेक जण त्यांच्या कामाविषयी लिहितील. मला लिहायचे आहे ते मुख्यतः एकाच अर्जाविषयी. तो त्यांच्या स्वतःच्या घरचा होता, आजारी वहिनींसाठी, म्हणजे साहेबांच्या पत्नीसाठी होता, आणि तो पाहण्याचे काम माझ्याकडे आले होते.

त्याआधी त्यांच्या नकाराबद्दल थोडे सांगायला हवे. इथे गावात एक निवृत्त सुभेदार आहेत. ऊसतोडीच्या हंगामात त्यांच्या दारावरून रात्रंदिवस ट्रॉल्या जातात.

“सायेब, लय जोरात जात्यात. एक उंचवटा टाका दारात.”

“टाकला तर प्रत्येक ट्रॉली तुमच्याच दारात आदळंल. झोपणार कवा?”

“फौजेत तोफंजवळ झोपलोय मी.”

“तुमी झोपाल. सूनबाईंचं तान्हं झोपंल का?”

आतून सूनबाईंचे हसू ऐकू आले आणि सुभेदारांचा चेहरा आणखी कडक झाला. धोका खरा होता तो शेजारच्या बोळातून सुसाट बाहेर पडणाऱ्या दुचाक्यांचा. तिथे ‘थांबा’चा फलक लावू, असे साहेबांनी सांगितले.

“आमच्यात थांबा लिवलं म्हणून कोण थांबतंय व्हय?”

“निम्मी थांबली तरी बास.”

सुभेदारांनी तरीही चहाचा आग्रह केला. “अर्ज निकाली निघू द्या, मग येतो,” साहेब म्हणाले. ज्याचा अर्ज हातात आहे त्याच्या घरचे पाणीही ते घेत नसत. अर्ज निकाली निघाला, पण चहाला बोलवायला कोणी आले नाही. लहान गावात प्रत्येकाचा कधी ना कधी एखादा अर्ज असतोच. त्यामुळे साहेबांना जाण्यासारखी घरे फार उरली नाहीत. या ग्रंथासाठी आठवणी गोळा करत फिरलो, तेव्हा अनेकांनी सुरुवात केली ती “आमचं काम त्यांनी केलं न्हाई” इथूनच. मी संकोचत हे साहेबांच्या कानावर घातले. ते म्हणाले, “खरं तेच सांगत्यात की. छापा.”

माझ्या वाट्याला मात्र त्यांची माया पुष्कळ आली. नागपंचमीला आमच्या गावाकडे लेकी माहेरी येतात, माझ्या बहिणीही येत. त्या दिवशी मी काही न मागता साहेब माझे काम स्वतःकडे घेत आणि म्हणत, “एस.टी. भरायच्या आत निघा.”

वहिनींना डायलिसिस सुरू झाले तेव्हा साहेबांच्या निवृत्तीला थोडाच अवधी राहिला होता. वळण सोडले तर गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असत. दवाखान्याची गाडी दारापर्यंत येई, पण तिथे वळणावर तिला थांबता येत नसे. आजारी माणसासाठी दारासमोर जागा राखून देण्याची सोय होती, आणि साहेबांनी ती कित्येकांना दिली होती. आपला अर्ज त्यांनी माझ्यापुढे ठेवला. “हा तुम्ही बघा. मी यात नाही,” एवढेच बोलले.

मी त्यांच्या उंबऱ्याशी उभा राहिलो. मग समोर गेलो. समोर अंगणवाडी आहे आणि साहेबांचे घर वळणाला लागून. गाडी तिथे उभी केली, की अंगणवाडीतून धावत निघालेले पोर वळणावरून येणाऱ्याला अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहिले. काही वेगळे दिसेल, अशी आशा होती. दिसले नाही. सकाळी दिवा लावताना देवाकडे काय मागावे, तेही सुचेना. शेवटी ‘जागा राखून देता येत नाही’ असे लिहिले. साहेबांनी वाचले, अर्जदार म्हणून खाली सही केली. “असंच लिहायचं,” म्हणाले, आणि पुढचा अर्ज उचलला.

तेव्हापासून वहिनी गल्लीच्या तोंडाशी थांबणाऱ्या गाडीपर्यंत साहेबांचा हात धरून चालत जात. मी समोर आलो की मान खाली घालत असे. एकदा त्यांनीच मला थांबवले.

“आवं, खाली काय बघताय? लग्न झाल्यापास्नं ह्यांनी कवा माझा हात धरून चालवलं न्हाई. लोक काय म्हनतील, म्हनून. आता सगळ्या गल्लीतनं चालवत्यात.”

“लोक बघायलेत,” साहेब हळूच म्हणाले.

“बघू द्यात की.”

वहिनी गेल्याला आता वर्ष होऊन गेले. त्या निर्णयात चूक झाली असे मला वाटत नाही, आणि तो आठवून बरे वाटते असेही नाही. साहेब त्यावर पुन्हा कधी बोललेले नाहीत. मुलगी पुण्याला बोलावते. ते जातात आणि आठवड्याच्या आत परततात. सकाळी त्याच वेळेला घरातून निघून गल्लीच्या तोंडापर्यंत येतात. पाय अजून ठणठणीत आहेत, पण चाल वहिनींचीच राहिली आहे: संथ, दर चार-सहा पावलांवर थोडी थांबणारी. एक कोपर अंगापासून किंचित दूर असते.

साहेबांना निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळावे, हे मी रोज देवाकडे मागतो. एकट्या माणसासाठी दीर्घायुष्य मागताना जीभ जरा अडखळते, हेही खरे. म्हणून उरलेले मागणे हा ग्रंथ हाती घेणाऱ्यांकडे करतो. ज्यांचे काम साहेबांनी केले नाही त्यांच्याकडेही. सकाळी ते वाटेत दिसले, तर पुढे निघून जाऊ नका. चार पावले त्यांच्या चालीने चाला.