लाईन आहे का?

आमच्या वऱ्हाडात 'लाईन' या शब्दाचा अर्थ एकच. घरातला पंखा फिरला की लाईन आली, थांबला की लाईन गेली. मी वाशीमच्या एका शाळेत मराठी शिकवते, मुलांच्या शब्दाशब्दावर लाल शाई सांडते. तरी याच एका शब्दाने माझ्या आईला गाठलं तेव्हा मला आधी पत्तासुद्धा लागला नाही.

आईचं शेत किन्हीराजा गावाच्या शिवारात आहे. विहिरीला पाणी बरं, पण शेतात विजेचा खांब नाही, म्हणून पाणी उपसायचं ते डिझेल इंजिनने. इंजिन बाबांच्या वेळचं. लोखंडी हँडल जोरात फिरवल्याशिवाय ते सुरू व्हायचं नाही. बाबा गेल्यावर आईच्या खांद्याने त्या हँडलपुढे हार मानली आणि हँडल मारायला काका येऊ लागले; ते हँडलही त्यांच्याच घरी राहू लागलं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, ग्रामपंचायतीचे सदस्य. मनाने सोन्यासारखा माणूस, पण वेळेचं नाव घेऊ नका. आधी गावचं राजकारण, मग चहा, मग पान, मग आमचं इंजिन. आई सकाळपासून बांधावर बसून राहायची. हळद पिवळी पडत चालली तरी दुसऱ्यांदा निरोप धाडायची नाही, इतका तिला मागण्याचा तिटकारा.

"हे साल शेवटचं," एकदा ती मला म्हणाली. "पुढच्या साली वावर बटईनं देऊन टाकतो. कोनाच्या हाताकडे पाहून शेती नाई होत."

ज्या बाईने त्या वावराच्या उत्पन्नावर मला शिकवलं ती तेच शेत अर्ध्या वाट्याने दुसऱ्याला कसायला द्यायला निघाली, हे माझ्याने ऐकवेना. मी तिच्या नावाने सरकारी योजनेतल्या सौरपंपाचा अर्ज भरला. अट एकच होती, शेतात आधीची वीजजोडणी नको. आमच्या वाट्याचा भरणा तिने बकऱ्या विकून केला.

काकांना हे अजिबात पटलं नाही. पारावर बसून ते सांगत सुटले, "सोलर घेतलं का लाईन कायमची गेली समजा! आपल्याले लाईनच पाह्यजे."

"जायाले आधी यावं लागते, भाऊजी," आई म्हणाली. पारावरची माणसं हसली आणि काका पान लावायला उठले.

मग एका दुपारी आईला फोन आला. कोणी बाई होती, बोलायला गोड. तिने विचारलं, "आजी, लाईन आहे का तुमच्याकडे?" आई घरात होती. डोक्यावरचा पंखा नुकताच फिरायला लागला होता. ती खुशीत म्हणाली, "हाव, आत्ताच आली!" बाईने विचारलं, "नीट असते ना?" आता परक्या माणसाजवळ गावाची नालस्ती कशाला करायची? आईने सांगून टाकलं, "राहते ना, चांगली राहते."

चार दिवसांनी माझ्या मोबाइलवर आलं, वीजजोडणी असल्याने अर्ज नामंजूर. आईला विचारलं तेव्हा त्या बाईच्या फोनची गोष्ट कळली.

मी पुढच्या एसटीने किन्हीराजाला गेले आणि आईला नको ते बोलले. तुला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला, इथपर्यंत. तिने ऐकून घेतलं. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "मी खोटं नाई बोललो. पंखा फिरून राह्यला होता." मला इतकी लाज वाटली की तव्यावरची भाकरी उलटायला मीच पुढे झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वाशीमला वीज कंपनीच्या कचेरीत गेलो. टेबलामागचे बाबू आपल्याच भागातले निघाले. सगळं ऐकून ते इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. "मावशी, विचारनारी पुन्याकडची असंल. तिकडे लाईट येते, आपल्याकडे लाईन येते. तिनं जोडनी विचारली न् तुमी पंखा सांगितला!" मग त्यांनी मार्गही सांगितला. शेतात खांब नाही, जोडणी नाही, असं ग्रामपंचायतीचं पत्र आणा, अर्ज पुन्हा उघडतो.

ग्रामपंचायतीचं पत्र म्हणजे काका.

टीव्हीवर जगभरचे पुढारी बसतात, कोळसा कधी सोडायचा, तेल कधी सोडायचं यावर बोलतात आणि तसेच उठून जातात. पूर्वी मला त्यातलं फार कळायचं नाही. काकांच्या ओट्यावर बसल्यावर कळलं. ज्याच्या हातात हँडल, त्याला ते सोडवत नाही.

"मी कसं पत्र देऊ? गावभर सोलरच्या विरोधात बोलून राह्यलो मी," काका म्हणाले.

"सोलरचं नाव कायले घेता?" आई म्हणाली. "दर ग्रामसभेत तुमी काय बोंबलता? आमच्या शिवारात लाईन नाई, एक खांब नाई. तेच लिहून द्या. एक अक्षर जास्तीचं नोको."

मी कागद पुढे केला. त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि हळूच म्हणाले, "मंग वयनी, माहं काम काय राहीन?"

इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. भावाच्या वावरात हँडल मारणं ही त्या माणसाची भावाकडे जायची वाट होती. माझा सगळा राग तिथेच विरघळला. काकांनी खाली मान घालून पत्र लिहिलं आणि सरपंचांचा सहीशिक्का स्वतः जाऊन आणला.

पंप बसला तो थंडीचे दिवस लागता लागता. सकाळी ऊन चढलं, सोलरच्या प्लेटा तापल्या आणि आईने एका बोटाने बटण दाबलं. पाइपातून पाण्याचा लोंढा सुटला आणि सरीतून धावत हळदीच्या बुडाशी गेला. आई लुगडं खोचून मागोमाग धावली, साठीची बाई, लहान मुलीसारखी खिदळत. मी बांधावर उभी राहून रडले, आणि मला त्याचा मुळीच संकोच वाटला नाही.

तेवढ्यात काका आले. सवयीने हँडल खांद्यावर. वाहतं पाणी पाहून थबकले, मग खोडी काढायच्या सुरात ओरडले, "वयनी, लाईन आहे का?"

आईने वर सूर्याकडे बोट केलं. "हाव, आत्ताच आली!"

काका पोट धरून हसले. मग ते हँडल त्यांनी इंजिनाशेजारी ठेवलं आणि परत फिरले.

"भाऊजी, चालले कुठी? चहा मांडतो. आता रोज चहाले येजा," आईने मागून हाक मारली.

काका वळले. बाबा गेल्यापासून आईने त्यांना कितीदा तरी बोलावलं होतं, पण काही काम नसताना बोलावलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.