पान दोनशे चार

सीमाभागातल्या हुलसूरच्या मराठी वाचनालयात पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं मत लिहून ठेवायची जुनी खोड आहे, आणि ती मतं खोडरबरानं पुसायचं काम अनसाबाईचं. अकरा वर्षं ती तेच करते आहे. गावातल्या कुठल्या शहाण्याचं अक्षर कसं वळतं हे तिला तोंडपाठ. 'भिकार', 'डोळे पाणावले', 'शेवट आधीच ओळखला होता' असलं सगळं ती पुसते, रबराचा चुरा फुंकते आणि मनात म्हणते, तुमच्या मतावाचून लेखकाचं अडलंच होतं की नाही!

लातूरच्या कुणी भेट दिलेल्या खोक्यातून 'पाणंदीपल्याड' नावाची कादंबरी आली. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट. दोघांचीही लग्नं झालेली, दोघांनाही लेकरं, आणि दोघं एकमेकांवर जीव टाकतात. आठ दिवसांत गावभर बोभाटा झाला. पहिलं मत पडलं, 'समाज कुठे चालला आहे?' त्याखाली दुसरं, 'मराठी भाषेची लाज वाटते.' त्याखाली तिसरं, घाईघाईत लिहिलेलं, 'पान १४२ पासून वाचा.'

देवघेवीची वही तर त्याहून मजेशीर. पुस्तकाला शिव्या घालणाऱ्यांपैकी एकाचंही नाव तिच्यात नाही. पुस्तक नेलं राजूबाईनं, तेही दोनदा. राजूबाई म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष अंकुशराव यांची बायको. तिला अक्षरओळखसुद्धा नाही. मग नेलं भुवनेश्वरीनं. ती प्राध्यापक बालाजींची बायको, कन्नड शाळेत शिकलेली. मराठी बोलते झकास, पण वाचता एक ओळ येत नाही. "बायकोच्या नावावर टाका, तिनं मागवलंय," असं म्हणत बाप्ये पिशवीत पुस्तक सारायचे आणि अनसाबाई मुकाट्यानं नाव टाकायची. समाजाची एवढी काळजी वाहणारे हे लोक बायकोच्या पदराआड लपून वाचतात, याची तिला किळस यायची.

तिनं स्वतःही दोन दुपारी बसून कादंबरी वाचली. लेखकाबद्दलचं तिचं मत वाचकांबद्दलच्या मतापेक्षा काही बरं नव्हतं. नायकाच्या बायकोला गुपित कळतं मोबाइलवरच्या निरोपातून. ती खिडकीशी उभी राहून रडते आणि सकाळी चहा देताना म्हणते, 'तू सुखी राहा.' चहा देताना! अनसाबाईनं पुस्तक आपटलंच. या माणसाला बायको म्हणजे बसस्टँडवरचा बाक वाटतो. गाडी येईपर्यंत बसायचं आणि आली की उठायचं. अख्ख्या पुस्तकात ती बाई एकदाच खरं बोलते, पान दोनशे चारवर: 'तुमच्या दोघांच्या गोष्टीत मला कुणी विचारलं?' आणि पुढच्याच ओळीत लेखक तिला स्वयंपाकघरात पाठवून देतो.

अनसाबाईला राग यायचं कारण होतं. तिला स्वतःला हे मोबाइलवरून कळलं नव्हतं. तिचा नवरा उमाजी, प्राथमिक शाळेचे गुरुजी. मेंढरं राखणाऱ्या घराण्यातला पहिला शिकलेला माणूस. लग्न झालं तेव्हा तिला जेमतेम कन्नड वाचता यायचं. मराठी लिहायला गुरुजींनीच शिकवलं. तिच्या वहीवर त्यांनी लाल पेनानं बरोबरची खूण केली, शेपूट मागं वळवलेली, तेव्हा ती नव्या लुगड्याला लाजली नव्हती इतकी लाजली होती. पुढं गुरुजींची बदली हुलसूरहून मन्नाएखेळ्ळीला झाली. तिथं हायवेवर कल्लप्पाचं पंक्चरचं दुकान. कल्लप्पाच्या बहिणीच्या लग्नात सगळे पंगतीला बसले होते आणि कल्लप्पानं गुरुजींच्या ताटातली मिरची न विचारता उचलून आपल्या ताटात घेतली. बस, एवढंच. गुरुजींना तिखट सोसत नाही हे कळायला अनसाबाईला वर्ष लागलं होतं. तिनं मान वर केली तर समोर कल्लप्पाची बायको मल्लव्वा वाढायची थांबून तेच बघत होती. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि मल्लव्वा पुढं भात वाढत गेली.

त्याला बावीस वर्षं झाली. गुरुजी निवृत्त होऊन हुलसूरला परत आले, तरी दर गुरुवारी दोन बस बदलून मन्नाएखेळ्ळीला जातात आणि येताना पेरू आणतात. ती पेरू चिरते, मीठ लावते, खाते. आणि चौकात कुणी म्हणालं, "असल्यांना फोडून काढलं पाहिजे," की तिथं उभे असलेले गुरुजी मान हलवून म्हणतात, "व्हय, व्हय." त्या 'व्हय'ची तिला जितकी चीड यायची तितकी गुरुवारची कधी आली नाही.

इतक्या हातांतून फिरून कादंबरीची पाठ उसवली. अनसाबाईनं ती घरी आणली, खळ लावली आणि वाळायला पाट्याखाली ठेवली. चार दिवसांनी पेन्सिलीची मतं पुसायला बसली तर पानांच्या कडेला लाल खुणा. शेपूट मागं वळवलेल्या. एकूण अकरा. एक खूण या वाक्याशी होती: 'दाराशी आलो की मी आधी कडी वाजवतो. चेहरा नीट करायला तेवढा वेळ लागतो.'

गुरुजी रोज कडी वाजवूनच घरात येतात. आपण दचकू नये म्हणून वाजवतात, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

तिनं पान दोनशे चार उघडलं. तिथली कड कोरी होती.

रविवारी समितीची बैठक होती. विषय एकच, हे घाणेरडं पुस्तक. गुरुजींनाही मानानं बोलावलेलं. ते कोपऱ्यात पेपर धरून बसले होते. समितीतले निम्मे त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

"पुस्तक आणा, अनसाबाई," अंकुशराव म्हणाले. "पान अन् पान बघू. कुणी काय लिवून ठेवलंय, अक्षरावरून माणूस हुडकू. असला माणूस आपल्यात नको."

"आणि गुरुजी हायतीच की," बालाजी म्हणाले. "निम्म्या गावाचं अक्षर त्यांनीच घडवलंय. ते बरोबर वळखतील."

गुरुजींनी पेपर तोंडासमोर धरला. पुस्तक अनसाबाईच्या पायाशी पिशवीत होतं. ती शेपटाची खूण यांतल्या निम्म्यांच्या वह्यांवर उमटलेली. एक पान उलटलं की खेळ खलास. खोटं कशाला बोला, घटकाभर तिला वाटलं, द्यावंच. एकदा तरी या माणसाचं 'व्हय' त्याच्या घशात अडकू दे. पण कुणाच्या हातात द्यायचं? पान १४२ वाले हे न्यायाधीश! माझ्या माणसाचा हिशोब मी करीन, यांची लायकी काय?

तिनं पिशवी पायानं मागं सारली आणि देवघेवीची वही टेबलावर उघडली.

"अक्षर कशाला हुडकायलाव, अण्णा? नावंच हायती की," ती म्हणाली आणि मोठ्यानं वाचायला लागली. "राजूबाई अंकुशराव, चार तारीख. राजूबाई अंकुशराव, पुन्हा अठरा तारीख. काय आवडलं बाईला एवढं? बोलवू का हितं? इचारू. मग भुवनेश्वरी बालाजी..."

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," अंकुशराव घाईनं म्हणाले. बालाजींना एकदम छतावरचा पंखा बघावासा वाटला.

पुस्तक जीर्ण झाल्यानं रद्द करावं, असा ठराव एकमतानं झाला आणि चहा आला. चहा पिताना सगळे तुरीच्या भावावर बोलत होते, जसं काही घडलंच नव्हतं. अनसाबाईनं कप उलटा ठेवला आणि पिशवी घेऊन घरी आली.

दिवेलागणीला कडी वाजली. गुरुजी आत आले. चेहरा नेहमीसारखा नीट होता.

"आजपासून कडी वाजवू नका," ती म्हणाली. "तसंच येत जावा."

गुरुजी जागीच थांबले. चौरंगावर कादंबरी उघडी होती. शेजारी त्यांचंच लाल पेन.

"सगळं पुस्तक तपासलाव, गुरुजी," अनसाबाई म्हणाली. "हे एक पान ऱ्हायलंय."

ते खाली बसले. पान दोनशे चार त्यांनी दोनदा वाचलं. पेनाचं टोपण काढलं. हात सवयीनं खूण करायला गेला आणि मध्येच थांबला.

"अनसा," ते म्हणाले, "हितं काय लिवू?"

"ते तुमचं तुम्ही बघा," ती समोर बसत म्हणाली. "पण नीट इचार करून लिवा. लाल पेनाचं रबरानं पुसत न्हाई."