तिघींच्या प्रार्थना

ह्यांची बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली आणि सगळे खलाशी कराचीच्या तुरुंगात आहेत, हे मला डहाणूच्या दवाखान्यात कळलं. मी तिथे आया होते, झाईहून रोज एसटीने यायची. आमच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मोसमात हे गुजरातच्या बोटीवर जात. झाईतले पुष्कळजण जातात.

आमच्याकडे समुद्राला नारळ देतात. मीही दिला. पण त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही, आणि दिवस सरेनात.

दवाखान्यात मोठ्या सिस्टर बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू होत्या, मूळच्या अलिबागकडच्या. औषधांच्या खिडकीवर एक मुसलमान बाई होत्या, त्यांना सगळे आपा म्हणत. आणि उधव्याची एक तरुण नर्स होती, ख्रिस्ती. ती मला ताई म्हणायची.

दुपारी आपा हात-तोंड-पाय धुऊन, वजू करून औषधांच्या खोलीत चटई अंथरायच्या. उभं राहणं, वाकणं, कपाळ टेकणं, सगळं ठरलेलं. एकदा मी विचारलं, "आपा, यात आपलं मागणं कधी मागायचं?"

"नमाज झाली की. ये, बस इथे. नाव काय त्याचं?"

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी ते पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं ते त्या चटईशेजारी. आपांनी दोन्ही तळवे उघडे धरले आणि पुटपुटत राहिल्या. मध्येच ह्यांचं नाव ऐकू आलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

उधव्याची नर्स एका रविवारी मला तलासरीच्या चर्चमध्ये घेऊन गेली. मिस्सा चालू असताना विनंत्यांची वेळ आली, तेव्हा ती माईकपाशी गेली आणि तिने ह्यांच्या सुटकेसाठी विनंती केली. सगळं चर्च एका आवाजात म्हणालं, प्रभो, ऐक. ह्यांना कधी न पाहिलेले वारली म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सगळेच. आपांच्या दुआत आम्ही दोघीच होतो. इथे एवढ्या माणसांनी एकदम मागितलं. मला रडू आवरेना.

मग सिस्टरांनी शुक्रवारी संध्याकाळी, त्यांचा विश्रांतीचा दिवस शब्बाथ लागताना, घरी बोलावलं. दिवस मावळायच्या आधी त्यांनी मेणबत्त्या लावल्या, डोक्यावर पदर घेतला, डोळ्यांवर हात ठेवून प्रार्थना म्हटली. मी कान देऊन होते. ह्यांचं नाव आलंच नाही.

"सिस्टर, ह्यांच्यासाठी नाही मागितलंत?"

"शब्बाथला आपलं मागणं मागायचं नसतं गं. आज आहे त्यात बसायचं."

मला वाईट वाटलं. पण उठून जाता येईना. त्यांनी मनुकांचं सरबत दिलं, पाव मोडून मीठ लावून हातात ठेवला. मागायचं नाही म्हटल्यावर मन थोडं सैल झालं. इतके महिने मला हे फक्त तुरुंगातले दिसत होते. त्या संध्याकाळी जाळं शिवताना दोरा दातांत धरून बोलणारे हे दिसले. आंघोळीनंतर कान पुसायचे विसरणारे. इतकी आठवण आली की पाव हातातच राहिला.

सिस्टर पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "नवस वेगळा. तो आमच्या एलियाहू हन्नबीला, एलिया प्रेषिताला बोलू. नवरा आला की मलिदा करू."

पुढच्या वर्षी हे सुटून आले. डहाणूच्या स्टेशनवर मी आधी ओळखलंच नाही, इतके वाळले होते. सिस्टरांनी मलिदा केला: ताटात गुळाचे पोहे, खोबरं, वर फळं. ठाण्याहून त्यांचे भाऊ येऊन गायले. आपा आणि ती नर्सही आल्या. हे हातातलं केळं न सोलता बसून राहिले. नंतर मला म्हणाले, "हे लोक मला कुठे ओळखतात?"

"ओळखतात," मी म्हटलं.

आता हे आशागडजवळ एका चिकूच्या वाडीत काम करतात, किनाऱ्यावर फिरकत नाहीत. नर्सची बदली झाली, आपा घरी बसल्या. सिस्टर मुलीकडे इस्राएलला गेल्या. परवा त्यांचा फोन आला. तिथे सगळं आहे, म्हणाल्या, आता घराजवळच प्रार्थनेला माणसं जमतात. पण मराठी कानावर पडत नाही.

"काहीतरी बोल गं, काहीही."

मी वाडीतलं सांगत बसले. यंदा बहर किती आला, वटवाघळं किती नासवतात, कुठली विहीर आटली. त्या मध्येमध्ये नुसतं "हं" म्हणत होत्या.