आसवांपेक्षा खारट नको

मोहाडीजवळच्या आरोग्य केंद्रातल्या गोदावरीबाई धकाते सिस्टर १९८४ साली नर्सांच्या उजळणी वर्गाची उद्दिष्टं तिसऱ्यांदा लिहायला बसल्या. आधीचे दोन्ही कागद जिल्ह्याच्या आरोग्य साहेबांकडून परत आले होते. बाईंनी लिहिलं होतं, ‘जुलाब झालेल्या बाळाला द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं महत्त्व नर्सभगिनींना मनापासून समजेल.’ साहेबांनी लाल शाईत विचारलं होतं, ‘मनापासून म्हणजे किती? मोजणार कसं?’ आता तिसरा कागद परत आला, तर यंदाचा वर्गच रद्द होणार होता. आणि गेल्या उन्हाळ्यात तर मीठ जास्त पडलेलं असलं पाणी पिऊन एक बाळ आणखीच आजारी पडलं होतं.

“महत्त्व त सगळ्याईले समजते, बाई,” पुष्पा नर्स म्हणाली. “मिठाचंच माप समजत नाही.”

बाईंनी तिथल्या तिथे लिहिलं, ‘प्रत्येक नर्स पाच मिनिटांत एक लिटर पाणी तयार करेल. ते आसवांपेक्षा खारट नसेल.’

वर्ग मंजूर झाला. पण आसवांची चव ऐन वेळी कुणालाच आठवेना, म्हणून कांदे चिरले गेले. पाहणीला आलेले साहेबसुद्धा गालावरचं बोट जिभेला लावून बसले. अकरा जणी पास झाल्या. खारट निघालं ते एकट्या बाईंचं पाणी. सगळ्यांना शिकवण्याच्या भरात त्यांनी मीठ दोनदा टाकलं होतं.

“राहू द्या न, बाई. कायले लिहिता?” पुष्पा कळवळली.

“काहून? मोजलं त मोजलं!” म्हणत बाईंनी स्वतःच्या नावापुढे ‘नापास’ लिहिलं आणि भांडं पुन्हा धुवायला घेतलं.